नॉब निघावा, पण त्याने परतही यावे

मराठीत 'नॉब'ला शब्द नाही. 'बटण' म्हणावे तर ते दाबायचे असते. 'कळ'ही दाबण्याकडेच झुकते. 'मूठ' दाराला किंवा तलवारीला शोभते, आणि 'खुंटी' हा सर्वांत जवळचा शब्द तंबोऱ्याने आधीच अडवून ठेवला आहे. 'रेडिओचा कान पिळणे' या प्रयोगात कल्पकता आहे हे खरे, पण 'कान' हा शब्द घेऊन तांत्रिक विषयावर चार पाने लिहिणे अवघडच. तेव्हा या लेखात आम्ही 'नॉब' हाच शब्द वापरणार आहोत आणि ज्यावर तो बसतो त्या धातूच्या किंवा प्लास्टिकच्या काडीला 'दांडा' म्हणणार आहोत. ही तडजोड आरंभीच सांगण्याचे कारण असे की प्रस्तुत लेखातला सगळा वाद नॉब आणि दांडा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, या एका साध्या गोष्टीभोवती फिरतो. वापरणाऱ्याला त्या एकच वाटतात. नॉब हातात निघून आला म्हणजेच त्या दोन असल्याचे कळते.

विषय आहे मॉड्युलर सिंथेसायझरच्या नॉबांचा. मॉड्युलर सिंथेसायझर म्हणजे सुट्यासुट्या घटकांनी बनलेले विद्युत्-वाद्य. एक घटक स्वर निर्माण करतो, दुसरा त्यातला काही भाग गाळतो, तिसरा त्याचा चढउतार ठरवतो. आणि या घटकांना एकमेकांशी तारांनी जोडण्याचे काम वादकाचे. रॉबर्ट मूग यांनी संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या सहकार्याने १९६४ साली न्यूयॉर्क राज्यात असे वाद्य आकाराला आणले. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत डॉन बुक्ला हे मॉर्टन सबॉटनिक आणि रॅमोन सेंडर या संगीतकारांसाठी वेगळ्या वाटेने तेथेच पोचत होते. मूग यांच्या वाद्याला पियानोसारख्या पट्ट्या जोडल्या गेल्या, बुक्ला यांनी त्या नाकारल्या. नॉब मात्र दोघांनीही ठेवले. आज सर्वाधिक प्रचारात असलेली 'युरोरॅक' पद्धत जर्मनीतील डीटर डॉप्फर यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यात रूढ केली. तीत दर्शनी पॅनेलची उंची १२८.५ मिलिमीटर, रुंदी ५.०८ मिलिमीटरच्या पटीत, जोडतारांचा प्लग ३.५ मिलिमीटरचा, वीजपुरवठा अधिक-उणे १२ व्होल्टचा, असे सगळे ठरलेले आहे. त्यामुळे बर्लिनचे आणि कॅलिफोर्नियाचे मॉड्यूल एका पेटीत सख्ख्या भावंडांसारखे नांदते. एवढा काटेकोर व्यवहार नॉबच्या दांड्यापाशी येऊन मात्र सैलावतो. तेथे ज्याची त्याची मर्जी.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी यात का पडावे? आमच्या मते पडावे, कारण प्रश्न मुळात पाठनिश्चितीचा आहे. तो कसा, हे कळण्यासाठी आधी दांड्यांचे प्रकार पाहिले पाहिजेत, आणि हा भाग थोडा चिकाटीने वाचावा लागेल.

ज्यांच्या घरी गॅसची शेगडी आहे त्यांना यातला एक प्रकार माहीत आहे. शेगडी पुसताना तिची बटणे ओढून काढतात. (येथे आपण फिरवायच्या वस्तूला निःशंकपणे 'बटण' म्हणतो; भाषेचे काही सांगता येत नाही.) बटण उलटे करून पाहिले की मधल्या छिद्राची एक बाजू सपाट दिसते, म्हणजे छिद्राचा आकार इंग्रजी 'डी' अक्षरासारखा असतो. शेगडीचा दांडाही तसाच. त्यामुळे बटण एकाच कोनात बसते आणि 'बंद'ची खूण नेहमी 'बंद'पाशीच येते. पुसणाऱ्या माणसाला काही लक्षात ठेवावे लागत नाही, ते दांड्याने ठेवलेले असते. सिंथेसायझरवरही हा डी-दांडा पुष्कळ ठिकाणी आढळतो.

दुसरा प्रकार दातेरी दांड्याचा. त्याच्या परिघावर बहुधा १८ बारीक दाते असतात आणि मधोमध एक चीर असते. नॉबच्या आतही तसेच दाते. दाबला की बसतो, ओढला की निघतो. सैल वाटला तर चीर किंचित फाकवायची, आणि जोर जास्त झाला तर दांड्याचा अर्धा भाग हातात येतो. तिसरा प्रकार गुळगुळीत गोल दांड्याचा. त्यावर बसणाऱ्या नॉबच्या कुशीत एक आडवा, बिनडोक्याचा स्क्रू असतो. त्याला ग्रब स्क्रू म्हणतात, आणि तो आवळायला बारीक ॲलन की किंवा घड्याळजीच्या पेटीतला स्क्रूड्रायव्हर लागतो. हा नॉब हव्या त्या कोनात घट्ट करता येतो. गोल दांड्यांत पुन्हा दोन घराणी आहेत: ६ मिलिमीटरचे आणि पाव इंचाचे, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचे. पाव इंचाचा नॉब ६ मिलिमीटरच्या दांड्यावर चढतो आणि स्क्रू आवळला की बसल्यासारखाही वाटतो, पण स्क्रू त्याला एका बाजूला ढकलतो. मध्यबिंदू ०.१७५ मिलिमीटरने सरकतो. आकडा क्षुल्लक वाटेल, परंतु फिरवताना नॉबची कड लंगडत चालल्यासारखी दिसते आणि एकदा दिसली की दुसरे काही दिसत नाही.

आता मुद्दा. नॉब का निघावा लागतो? हौशी लोक म्हणतील, बदलता यावा म्हणून. काळ्याऐवजी लाल लावावा, प्लास्टिकऐवजी ॲल्युमिनियमचा लावावा. या हौसेला आमची हरकत नाही, पण ते मुख्य कारण नव्हे. मुख्य कारण दुरुस्ती. नॉबच्या पोटाखाली दांड्याला वेढून एक षट्कोनी नट असतो, आणि त्या नटाने आतला पोटेन्शिओमीटर (ज्याला दुरुस्तीवाले लाडाने 'पॉट' म्हणतात) पॅनेलला धरून ठेवलेला असतो. पॅनेल उघडायचे तर सर्व नट सोडवायचे. नट सोडवायचे तर सर्व नॉब काढायचे. म्हणजे नॉब हेच त्या घराचे दार आहे. दार जर भिंतीशी एकजीव केले तर आतले काही बिघडल्यावर घर पाडण्यावाचून इलाज उरत नाही. अलीकडे जागा आणि पैसा वाचवण्यासाठी काही अरुंद मॉड्यूलांवर नॉब आणि दांडा एकाच प्लास्टिकच्या तुकड्यातून काढलेले दिसतात. काही ठिकाणी तर नॉबच नसतो, उघडा दांडाच चिमटीत धरून फिरवायचा. निर्मात्याचा नाइलाज आम्ही समजू शकतो. २० मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर १५ मिलिमीटरचे दोन नॉब शेजारी बसत नाहीत, हे गणित कोणालाही चुकवता येणार नाही. मग नॉबांची संख्या कमी करावी. ती कमी करायची नाही म्हणून बोटांना शिक्षा, हा न्याय आम्हांला पटत नाही.

निघण्याची क्रियाही निर्धोक असली पाहिजे, आणि येथे रचनाकार बरेचदा कच्चे ठरतात. घट्ट बसलेला नॉब ओढताना तो जोर दांड्यावर येतो, दांड्यावरून पॉटवर, आणि पॉटला पॅनेलचा नट नसेल तर थेट सर्किटबोर्डावरच्या सोल्डरवर. तीन बारीक पायांचे सोल्डर तो ताण सोसत नाही. म्हणून चांगला निघणारा नॉब आखताना पहिला विचार नॉबचा नव्हे, पॉटचा करावा लागतो: तो नटाने पॅनेलशी बांधला आहे का? दुसरा विचार नॉबच्या खालच्या कडेचा: नॉब आणि पॅनेल यांत मिलिमीटर-दीड मिलिमीटरची फट आहे का, की जीत एखादा पातळ पट्टा सरकवून सर्व बाजूंनी सारखा जोर देता येईल? फट ठेवली नाही तर माणूस एका बाजूने स्क्रूड्रायव्हर खुपसतो. पॅनेलवरचे ओरखडे बहुधा या फटीच्या अभावाचे पुरावे असतात. वादकाला धांदरट म्हणण्याआधी रचनाकाराने ते वाचावेत.

निघण्याबद्दल एवढे पुरे. परतण्याचा प्रश्न अधिक गहन आहे, आणि आमचा खरा आक्षेप तेथे आहे.

मॉड्युलर वाद्याला स्मरण नसते. तारा उपटल्या, नॉब फिरवले की कालचा आवाज गेला. म्हणून वादकांनी पूर्वीपासून एक कागद बाळगला. त्यावर पॅनेलचा कोरा नकाशा छापलेला असतो. प्रत्येक नॉबच्या जागी एक रिकामे वर्तुळ. वादक त्यात रेघ ओढतो: नॉबची खूण कोठे होती ती. कधी घड्याळाच्या भाषेत लिहितो, दोनवर, साडेदहावर. तारा कोठून कोठे गेल्या तेही काढतो. या कागदाला 'पॅच शीट' म्हणतात. आम्ही त्याला संहिता म्हणू. नाटकाची संहिता जशी प्रयोग नसते, पण तिच्यावाचून प्रयोग पुन्हा उभा राहत नाही, तशीच ही.

आता पाहा, ही संहिता कशाची नोंद करते? नॉबच्या खुणेची. वाद्य मात्र दांड्याला ओळखते. नॉबवरची पांढरी रेघ कोठे आहे याच्याशी आतल्या सर्किटला काही देणेघेणे नाही. दांडा किती अंश फिरला एवढेच त्याला ठाऊक. रेघ आणि दांडा यांचा संबंध नॉब बसवणाऱ्याने जोडलेला असतो. भाषाविज्ञानाच्या तासाला सोस्यूर शिकवताना चिन्हक आणि चिन्हित यांचे नाते यादृच्छिक असते, पण एकदा रूढ झाले की कोणा एकाला ते बदलता येत नाही, असे आपण सांगतो. नॉबच्या बाबतीत ते कोणालाही बदलता येते आणि बदलल्याचे कोणाला कळतही नाही. नॉब काढला, पुसला, एक दाता पुढे बसवला. कालपर्यंतच्या सर्व संहिता त्या क्षणी खोट्या झाल्या. कागदावर एकही अक्षर बदललेले नाही आणि तरी पाठ भ्रष्ट झाला आहे.

किती भ्रष्ट? हिशेब सोपा आहे. १८ दात्यांचा दांडा म्हणजे दर दात्याला २० अंश. एक दाता चुकला की खूण २० अंशांनी चुकते. आणि न चुकताही, पॅनेलवरची शून्याची खूण दोन दात्यांच्या बरोबर मध्ये पडत असेल तर अलीकडे किंवा पलीकडे १० अंशांची चूक अटळच. बहुतेक पॉट सुमारे ३०० अंश फिरतात. समजा, एखाद्या फिल्टरचा नॉब २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत, म्हणजे साधारण दहा सप्तके, व्यापतो. दर सप्तकाला ३० अंश आले. मग १० अंश म्हणजे सप्तकाचा तिसरा हिस्सा: षड्जापासून शुद्ध गंधारापर्यंतचे अंतर. संहितेत 'सा' लिहिला आहे, वाद्य 'ग'पाशी उभे आहे, आणि दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक आहेत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली तेव्हा त्यांच्यापुढे लेखकांच्या हातून शिरलेले अपपाठ होते. अपपाठ निदान कागदावर दिसतो, दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहता येतो. येथे ताडून पाहायला दुसरी प्रत नाही. जो साक्षीदार होता तो नॉब पुसून परत बसवला गेला आहे.

यावर उपाय म्हणून डी-दांड्याकडे बोट दाखवले जाते, आणि आम्हीही तिकडेच झुकतो, पण डोळे मिटून नव्हे. डी-दांड्याची सपाट बाजू कोणत्या दिशेला असावी यावर सर्व पॉटनिर्मात्यांचे एकमत नाही. एका मालिकेत दांडा मध्यावर असताना ती एका दिशेला, दुसरीत तिच्याशी काटकोनात. नॉबनिर्माते आपली रेघ त्यांतल्या एका संकेतानुसार छापतात. चुकीची जोडी जमली तर नॉब नेहमी एकाच, पण चुकीच्याच कोनात बसतो. शिवाय तो सरकवून दुरुस्तही करता येत नाही. गोल दांडा आणि ग्रब स्क्रू यांचे चाहते नेमके येथेच टाळी मागतात: आमचा नॉब हव्या त्या कोनात! खरे आहे, पण 'हवा तो कोन' कोणता, हे कोठे लिहून ठेवले आहे? निर्मात्याच्या मेजावर तो कोन ठाऊक होता. पाच वर्षांनी, तिसऱ्या मालकाच्या घरी, स्क्रू सैल होऊन नॉब गरगर फिरू लागला की त्याला कोणता कोन हवा असणार?

आमच्या महाविद्यालयाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागातले एक सहकारी हौसेने मॉड्यूले जुळवतात. त्यांच्याशी या विषयावर आमचे बरेच दिवस चालले. त्यांचा आक्षेप असा की हा सगळा पाठचिकित्सकांचा बाऊ आहे. वादक कानाने वाजवतो, डोळ्याने नव्हे. तंबोऱ्याच्या खुंटीवर कोठे रेघ असते? खुंटीही निघते, खडू लावून परत बसवतात, आणि ती कोणत्या कोनात आहे याची पंचाईत कोणी करत नाही. तार बोलते, कान ऐकतो, संपले. शिवाय जुन्या सर्किटांचा स्वर खोली तापली की सरकतो. सर्व नॉब अंशाअंशाने जागेवर असूनही कालचा आवाज आज येत नाही. मग रेघेचे एवढे स्तोम कशाला?

आक्षेप वजनदार आहे, आणि त्याचा पूर्वार्ध आम्हांला बऱ्याच अंशी मान्य आहे. स्वर जुळवण्याच्या नॉबाला रेघ नसली तरी चालेल. तो खुंटीच आहे. पण खुंटी एका तारेची, एका गोष्टीची असते आणि ती पिळताना ती गोष्ट कानावर पडत असते. मॉड्युलर वाद्यावरचे पुष्कळ नॉब असे आहेत की ते फिरवताना काहीच ऐकू येत नाही. एखादा नॉब दुसऱ्या मॉड्यूलाकडून येणारा बदल किती प्रमाणात लागू व्हावा ते ठरवतो. तो बदल अर्ध्या मिनिटाने यायचा असेल तर कान अर्धा मिनिट निरुपयोगी. तेथे वादक डोळ्यावर आणि बोटावर विसंबतो. आणि जेथे मुळात अंत नाही, म्हणजे ज्याला एन्कोडर म्हणतात तो गोल गोल फिरतच राहणारा प्रकार, तेथे रेघ असणे हा शुद्ध खोटेपणा. त्या नॉबाची रेघ कशाचीच खूण नसते. सुटे नॉब बदलण्याच्या हौसेत अशा ठिकाणी रेघांचे नॉब आणि रेघेच्या जागी बिनरेघेचे नॉब बसवलेले आम्ही पाहिले आहेत. दिसायला संच सुरेख, वाचायला निरर्थक. आक्षेपाच्या उत्तरार्धाबद्दल एवढेच म्हणू की सर्किट सरकते म्हणून नॉबनेही सरकावे, हा युक्तिवाद शाई फिकट होते म्हणून शुद्धलेखन सोडावे, अशा जातीचा आहे.

बोटाचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर. नॉबचा आकार हीदेखील एक लिपी आहे हे विमानविद्येला संगीताच्या आधी समजले. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमानांचे वैमानिक उतरल्यावर पंखांचे फ्लॅप मिटायच्या ऐवजी चाकेच मिटत आणि विमान पोटावर बसे. दोन्ही खटके शेजारी आणि सारखेच. अल्फॉन्स चॅपानिस या मानसशास्त्रज्ञाने वैमानिकांना दोष न देता चाकांच्या खटक्याच्या टोकाला चाकाचा आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीचा आकार द्यायला लावला. अंधारात, न बघता, हाताला कळू लागले. मॉड्युलर वाद्यही पुष्कळदा अंधाऱ्या मंचावर वाजते. निघणाऱ्या नॉबचा सर्वांत मोठा लाभ येथे आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. ज्याला दिसत नाही तो वादक आपल्या पेटीवरचे नॉब आकारांनी वेगळे करू शकतो. रेघेच्या जागी उंचवटा असलेले बसवू शकतो. ज्याची बोटे संधिवाताने आखडली आहेत तो खाचा असलेला मोठा नॉब लावू शकतो, मग त्यासाठी शेजारचा एखादा काढून ठेवावा लागला तरी बेहत्तर. ही सोय कोणत्याही निर्मात्याने सर्वांसाठी म्हणून आधी करून ठेवणे शक्य नाही. दांडा ओळखीचा ठेवणे मात्र त्याला शक्य आहे. बाकी वादक बघून घेईल.

घरच्या घरी त्रिमितीय छपाईने नॉब बनवणाऱ्यांविषयी दोनच शब्द. उत्साह स्तुत्य आहे. पण त्यांच्या आरेखनांत नव्वद टक्के श्रम वरच्या घुमटावर खर्ची पडलेले दिसतात, जेव्हा नॉबचे भवितव्य खालच्या छिद्रात ठरते. छपाईत छिद्र आखल्यापेक्षा किंचित लहान उतरते, म्हणून ते थोडे मोठे आखावे लागते. आणि घट्ट बसवलेले पीएलए प्लास्टिक सततच्या ताणाखाली हळूहळू ढिले पडते. पहिल्या दिवशी नेमका बसलेला नॉब सहा महिन्यांनी गळून पडला तर दोष छपाईयंत्राचा नसतो.

संहिता भ्रष्ट होण्याचा प्रश्न किती दूरवर जातो हे पाहायचे तर फार लांब जायला नको. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूगचे मॉड्युलर वाद्य बसवले. त्यामागे गीता साराभाई यांचा पुढाकार होता. याच गीताबाईंनी १९४०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये जॉन केज यांना भारतीय संगीताचा परिचय करून दिला होता. त्या स्टुडिओत १९७२पर्यंत गीताबाईंसह आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी काम केले. त्या ध्वनिफिती पुढे संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या; ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांनी त्या शोधून काढल्या आणि २०२३ साली त्यांतली निवडक ध्वनिमुद्रणे प्रसिद्ध झाली. भारतातल्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा आरंभ ऐकायला मिळाला, ही आनंदाची गोष्ट. परंतु ध्वनिफीत आवाज जपते. तो आवाज ज्या तारांतून आणि नॉबांच्या ज्या स्थितीतून आला ती जपत नाही. अशा वाद्याचा अभ्यास उद्या एखाद्या विद्यार्थ्याने करायचा म्हटला, एखादी नोंदवही त्याच्या हाती लागली, तिच्यात 'तीनवर' असे लिहिले असले, तर त्या 'तीन'चा अर्थ दांड्यावर नॉब कसा बसला होता यावर अवलंबून आहे. पन्नास वर्षांत एकदाही तो पुसायला निघाला नसेल, असे कोण म्हणेल?

एक प्रकार याच्याही पुढचा. फ्रान्समधील एमिली जिले यांच्या म्यूटेबल इन्स्ट्रुमेंट्स या नावाजलेल्या कंपनीने आपल्या मॉड्यूलांचे आराखडे सर्वांसाठी खुले केले होते. २०२२ साली कंपनी बंद झाली, मॉड्यूले मात्र जिवंत आहेत, कारण इतर लोक ती बनवतात: कोणी मूळ रुंदीत, कोणी निम्म्या रुंदीत, बारीक नॉब लावून. सर्किट तेच, पॅनेल निराळे. एका ग्रंथाच्या अनेक प्रती, आणि प्रत्येक लेखकाची मात्रा-वेलांटी वेगळी. ही मुक्तता आम्हांला प्रिय आहे. पण मूळ मॉड्यूलासाठी लिहिलेली नोंद या प्रतींवर वाचायची तर निदान खूण कोठून मोजायची एवढे तरी सर्वत्र सारखे हवे.

आमची सूचना छोटी आहे आणि तिला खर्च जवळजवळ नाही. दांडा डावीकडे पूर्ण फिरवून अडला की त्याची चीर, किंवा सपाट बाजू, ज्या दिशेला येते त्या दिशेला पॅनेलवर, नटाच्या बाहेर पण नॉबच्या पोटाखाली, एक बारीक टिंब छापावे. नॉब बसलेला असताना ते कोणाला दिसणार नाही, त्यामुळे पॅनेलच्या सौंदर्याला बाध नाही. नॉबच्या तळाशीही, रेघेच्या बरोबर खाली, तसेच एक टिंब असावे. गोल, गुळगुळीत दांड्यावर चीर नसते. तेथे दांड्याच्या माथ्यावर कानशीने एक ओरखडा पुरे. आमच्या सहकाऱ्यांनी, मतभेद कायम ठेवून, आपल्या पुढच्या पॅनेलवर ही टिंबे छापून घेण्याचे कबूल केले आहे. फक्त ती पांढरी असावीत की करडी यावर अजून निर्णय झालेला नाही.